बैलांसाठी कायदा, पोरींसाठी तारीख

आमदारांना कायदा करायला जमत नाही, असं म्हणणाऱ्याने एकदा आमच्याकडचा शंकरपट पाहून जावा. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बैलगाडा शर्यत म्हणतात, त्याचाच हा वऱ्हाडी भाऊ. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूच्या जल्लिकट्टूबरोबर आमचा पटही बंद केला. बैलाचं शरीर असल्या खेळासाठी घडलेलं नाही, त्यालाही यातना होतात, असा तो निकाल. मग एकमेकांचं तोंड न पाहणारे पुढारी एका जुवाला लागले. २०१७ मध्ये विधिमंडळाने केंद्राच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली. राष्ट्रपतींची संमती त्याच वर्षी येऊन पोचली. उच्च न्यायालयाने अडवलं तर सरकार दिल्लीला धावलं. १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला.

बघा, किती शिस्तीत झालं सगळं. कोर्टाने नको म्हटलं, लोकांनी ओरड केली, आमदारांनी कायदा केला, कोर्टाने तो तपासला आणि मानला. शाळेच्या नागरिकशास्त्रात छापावा असा धडा. मला पटाशी वैर नाही. जोडी सुटली की माझीही मान वळते. फक्त एक हिशेब मला कुणीतरी समजावून सांगावा. बैलांसाठी जी मंडळी नऊ वर्षं कोर्टाचा पिच्छा सोडत नाहीत, त्यांना आमच्या पोडावरच्या पोरींसाठी एक दुपार का सापडत नाही?

पोड म्हणजे कोलामांची वस्ती. महाराष्ट्रात केंद्राने ज्या तीन जमाती आदिम म्हणून वेगळ्या नोंदवल्या, त्या कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. पैनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे तेलंगणातलं आदिलाबाद. आमच्या झरी जामणी तालुक्याचं नाव मुंबईच्या वर्तमानपत्रात येतं ते कोळशामुळे, नाहीतर वाघामुळे, नाहीतर कुमारी मातांमुळे. कोळशाला दर आहे, वाघाची गणना आहे. तिसऱ्या बातमीत पोरीचा चेहरा धूसर करून छापतात आणि बाप्याचा छापतच नाहीत.

गोष्ट ठरलेली असते. बाहेरून आलेला ठेकेदार, त्याचा मुनीम, ट्रकवाला, व्यापारी लग्नाच्या गोष्टी करतो. पोरीला दिवस जातात. काम संपतं, तो निघून जातो. बातमी लिहिणारे सगळं पाप नदीपलीकडून आलेल्यांच्या माथी मारून मोकळे होतात, जणू अलीकडच्या पांढरपेशा घरांतून पोडाकडे कधी कुणी गेलंच नाही. ‘त्यांच्यात चालतं हो’ हे वाक्य मी तहसिलीच्या व्हरांड्यापासून चहाच्या टपरीपर्यंत ऐकलं आहे, आणि ते म्हणणाऱ्यांत एकही माणूस कोलाम नव्हता. अशा मुली किती? सरकारी आकडा आणि संस्थांचा आकडा यांची सोयरीक कधी जुळलीच नाही, म्हणून मी दोन्ही देत नाही. पाहणी झाली, पथकं आली, विधिमंडळात प्रश्न विचारला गेला, पुनर्वसनाच्या योजना जाहीर झाल्या. पथकाच्या गाड्यांची धूळ बसली की पुढच्या पथकापर्यंत सगळं शांत.

मी धंद्याने अर्जनवीस. या बायांचे अर्ज माझ्या हातून जातात, म्हणून सांगतो. या प्रश्नावर देशात निर्णय झालेला नाही, असं अजिबात नाही. निर्णयांची थप्पी आहे. ती जवळजवळ सगळी कोर्टाची आहे.

६ जुलै २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अविवाहित आईला आपल्या लेकराचं पालकत्व मागताना बापाचं नाव सांगण्याची किंवा त्याला नोटीस देण्याची सक्ती नाही. तिने शपथपत्र दिलं की लेकराचा जन्मदाखला तिला मिळालाच पाहिजे. निकाल सुरेख आहे. ज्या बाईने तो मिळवला ती दिल्लीतली, शिकलेली, नोकरी करणारी. तिच्यामागे वकील उभे होते. आमच्याकडची बाई ग्रामसेवकासमोर उभी राहते तेव्हा तिच्यामागे तिची म्हातारी आई असते, आणि तिला मराठीही धड येत नाही, कोलामी येते.

त्याआधी १८ जानेवारी २०१२ ला गुजरातच्या एका खटल्यात याच न्यायालयाने म्हटलं होतं की आई आदिवासी आणि बाप बिगर आदिवासी असेल, तर लेकराची जात बापाचीच हे गृहीत शेवटचं मानू नये. आईने त्याला आपल्या जमातीत वाढवलं, जमातीने त्याला आपलं मानलं, हे दाखवायची संधी त्याला द्यावी. २९ सप्टेंबर २०२२ ला आणखी एक निकाल आला, की लग्न झालेलं नाही एवढ्याच कारणाने बाईला चोवीस आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताचा हक्क नाकारता येणार नाही. तिन्ही निकाल माझ्याकडे झेरॉक्स करून ठेवलेले आहेत. कागद कडक आहे, अजून पिवळा पडला नाही, कारण कुणी हातात घेऊन पाहतच नाही.

एक अर्ज सांगतो. पोरगी शाळा शिकून आता सज्ञान होत आलेली, आई कुमारी माता. पुढच्या शिक्षणासाठी जातीचा दाखला हवा, मग त्याची पडताळणी. एका कार्यालयात खिडकीमागच्या बाबूने यादी वाचून दाखवली. बापाची टीसी. आजाचा कोतवाल बुकातला उतारा. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा, तोही बापाच्या बाजूचा. वंशावळ शपथपत्रावर. मी म्हटलं, बाप नाही. तो म्हणाला, बाप नाही असं कसं, मेला असेल तर मृत्यूचा दाखला जोडा. मी २०१२ च्या निकालाची झेरॉक्स पुढे सरकवली. त्याने ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, यावर जीआर आहे का?

मला तो बाबू खोटा वाटला नाही. उलट आमच्या राज्यकारभाराचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तो बोलला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल देशाचा कायदा असतो, हे घटनेच्या कलम १४१ मध्ये लिहिलं आहे. खिडकीमागचा देश मात्र जीआरने, म्हणजे शासन निर्णयाने, चालतो. तो जीआर मंत्र्याच्या खात्यातून निघतो, आणि मंत्र्याला जाब आमदाराने विचारायचा असतो. साखळी तिथे तुटली आहे. न्यायमूर्तींनी आणखी दहा निकाल दिले तरी ती दिल्लीतून सांधता येणार नाही.

गंमत अशी, की याच राज्याने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या नावात आईचं नाव घालणं सक्तीचं केलं. टाळ्या पडल्या, जाहिराती झाल्या. नाव आईचं लावा, पुरावा बापाचा आणा. ज्यांना बाप आहेच अशा लेकरांना आईचं नाव भेट मिळालं आणि ज्यांना फक्त आईच आहे त्यांच्या दाखल्याच्या यादीतली एक ओळ कुणी खोडली नाही. जात पडताळणीचा कायदा महाराष्ट्राचाच, २००० सालच्या विधेयकातून आलेला. त्याचे नियमही इथलेच. ते नियम दुरुस्त करायला दिल्लीची परवानगी लागत नाही, राष्ट्रपतींची संमती लागत नाही. बैलांसाठी लागली होती, ती आणली.

आता जरा उलट बाजू पाहू. याच जमातींच्या नावाने खोटे दाखले काढून सरकारी नोकऱ्या लाटणाऱ्यांबद्दल ६ जुलै २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट निकाल दिला, की दाखला अवैध ठरला की नोकरी गेली, दयामाया नाही. इथे कोर्टाने निर्णय दिला होता, तो आदिवासींच्या बाजूचा होता, आणि अंमल करायला जीआर काढणारे मंत्रालयात बसले होते. त्यांनी २१ डिसेंबर २०१९ ला जीआर काढलाही. त्याने या लोकांना ‘अधिसंख्य’ पदांवर घेतलं, म्हणजे नोकरी, पगार, खुर्ची तशीच. खोटा बाप दाखवणाऱ्याला सरकारने पद निर्माण करून दिलं आणि खरी आई दाखवणारीला मृत्यूचा दाखला मागितला. यापेक्षा जास्त तिखट मला लिहिता येत नाही. वस्तुस्थितीच माझ्यापेक्षा तिखट आहे.

म्हणून ‘हे प्रश्न लोकांनी निवडून दिलेल्यांवर सोडा’ असं कुणी गंभीर चेहऱ्याने म्हणतं तेव्हा मला ४ ऑक्टोबर २०२४ चा दिवस आठवतो. त्या दिवशी विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आपल्या सहकारी आदिवासी लोकप्रतिनिधींसह मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून संरक्षक जाळीवर उतरले. मागण्या दोन होत्या. धनगरांना अनुसूचित जमातीत घालू नका, आणि सर्वोच्च न्यायालयातल्या खटल्यामुळे अडलेली पेसा, म्हणजे अनुसूचित आदिवासी क्षेत्रातली नोकरभरती सुरू करा. झिरवाळांच्या तळमळीवर मला शंका नाही, पोरं उपोषणाला बसली होती. पण ज्या सभागृहात कायदे होतात त्याच्या अध्यक्षांच्या खुर्चीशेजारची खुर्ची ज्यांची, आणि ज्यांचा पक्ष सत्तेत, त्यांना आपलं म्हणणं पोचवायला जाळीवर उडी मारावी लागते, तर पोडावरच्या बाईने कुठून उडी मारावी?

तरीही माझं म्हणणं ठाम आहे, आणि ते पुण्या-मुंबईतल्या माझ्या पुरोगामी मित्रांना रुचत नाही. निर्णय आमदारांनीच घ्यायला हवा. ते चांगले आहेत म्हणून नव्हे. ते पाच वर्षांनी माझ्या टपरीवर चहा प्यायला येतात म्हणून. न्यायमूर्ती येत नाहीत, आणि त्यांनी येऊही नये. कोर्ट हक्क देऊ शकतं. त्या हक्कासाठी अर्थसंकल्पात ओळ घालू शकत नाही, वणीच्या रुग्णालयात डॉक्टरची जागा भरू शकत नाही, पडताळणीच्या अर्जातला रकाना बदलू शकत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे कोर्टाने निर्णय दिला की आमदाराची सुटका होते. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ म्हणून तो आधी हात वर करतो आणि निकाल लागला की ‘कोर्टाने सांगितलं, आम्ही काय करणार’ म्हणून पुन्हा. मराठा आरक्षणात हा खेळ आपण सगळ्यांनी पाहिला. २०१८ ला कायदा, ५ मे २०२१ ला तो सर्वोच्च न्यायालयात रद्द, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा नवा. डान्सबारचं तेच. २००५ पासून कायदा करायचा, कोर्टात हरायचं, नावापुरता बदलून पुन्हा करायचा, आणि जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा हरायचं. हरणाऱ्या कायद्यातही मतं असतात. कोलाम पोरीच्या दाखल्यात मतं नाहीत.

इथे समोरचा मला बरोबर पकडतो. मतं नाहीत, तर आमदार निर्णय घेईल कशाला? झरी जामणी वणी विधानसभेत येतं आणि ती जागा खुली आहे. लोकसभेला आम्ही चंद्रपुरात. तिथे कोलामांची मतं म्हणजे पिठात मीठ. बहुमताच्या बाजारात ज्यांची पत नाही, त्यांच्यासाठीच तर कोर्ट हवं ना?

हवं. कोर्टाचं दार बंद करा, असं मी म्हणत नाही. पण कोर्ट म्हणजे दुबळ्यांचा कैवारी, हा भाबडेपणा निदान विदर्भाच्या माणसाने तरी करू नये. १८८१ मध्ये सुरतेत एका ब्राह्मण विधवेने अनैतिक ठरवलेलं आपलं मूल मारलं. कोर्टाने तिला फाशी सुनावली, पुढे ती शिक्षा कमी झाली. ज्याच्यापासून ते मूल झालं त्या पुरुषाला शिक्षा कसली, त्याची चौकशीही नाही. त्यावर वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीच्या नीतीची जी शोभा झाली, ती वाचून आमच्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. तो खटला आज पांढरकवड्यात चालला असता तर पुरुषाच्या बाबतीत फार वेगळा चालला असता, असं छातीवर हात ठेवून सांगणारा वकील मला दाखवा. ४ मार्च १८८७ ला मुंबईच्या उच्च न्यायालयाने, लहानपणीच लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंना सांगितलं की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यानंतर १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, टिळकांचा विरोध पत्करून झाला, आणि तो करणारं कौन्सिल कुणी निवडून दिलेलं नव्हतं, हेही कबूल.

फार जुनं वाटत असेल तर १९७२ मधलं घ्या. आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. मथुरा खटला म्हणून तो देशाला माहीत आहे. नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती असणार. देशातल्या सर्वात मोठ्या कोर्टाने आमच्या शेजारच्या जंगलातल्या पोरीबद्दल हे लिहून ठेवलं आहे. १९७९ मध्ये वसुधा धागमवार, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर आल्या. कायदा बदलला तो १९८३ मध्ये, संसदेत. ताब्यातल्या बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर कोर्टाने ते गृहीत धरावं, असं कलम आलं. कोर्टाने केलेली चूक निवडून आलेल्यांनी दुरुस्त केली, आणि तीही रस्त्यावरच्या बायकांनी मानगूट धरली म्हणून. मला हवा तो क्रम हा आहे.

आणखी अलीकडचं सांगतो. संसदेने २००६ मध्ये वनहक्क कायदा केला. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे, आणि घराचा कर्ता एकटाच असेल तर त्या एकट्याच्या नावे, असं त्यात लिहिलं. म्हणजे एकटी आईही कर्ती ठरू शकते. निवडून आलेल्यांनी केलेली ही मला माहीत असलेली सर्वात शहाणी ओळ. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्या लोकांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला. केंद्राचा वकील आपल्याच कायद्याच्या बचावाला धड उभाही राहिला नव्हता. देशभर गदारोळ झाला तेव्हा २८ तारखेला त्याच न्यायालयाने आदेश थांबवला. ते पंधरा दिवस पोडांवर काय हवा होती, ते मी पाहिलं आहे. हक्क देणारे कोण, काढायला निघालेले कोण, आणि गैरहजर कोण, ते तुम्हीच ठरवा.

परदेशाचे दाखले द्यायची सवय असलेल्यांसाठी आयर्लंड. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये सांगितलं की आईच्या जिवाला खरा धोका असेल तर गर्भपात करता येईल. संसदेने त्यावर कायदा करायचा होता. चर्चची भीती, मतांची भीती, वीस वर्षं कुणी केला नाही. रेघ नेमकी कुठे आहे ते डॉक्टरांना कळेना. २८ ऑक्टोबर २०१२ ला गॅल्वेच्या रुग्णालयात आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार गर्भपात न मिळता दगावली. हक्क कोर्टाच्या निकालात होता, रुग्णालयाच्या खाटेपर्यंत आला नाही. कायदा पुढच्या वर्षी झाला आणि २५ मे २०१८ ला आयरिश जनतेने सार्वमतात ६६ टक्क्यांनी घटनेतली बंदीच काढून टाकली. ते टिकेल. अमेरिकेत उलट झालं. १९७३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या कोर्टाने हक्क दिला, आणि २०२२ मध्ये त्याच कोर्टातल्या दुसऱ्या नऊंच्या बहुमताने काढून घेतला. सविताचं वाचलं की मला आपल्या दाभोलकरांची आठवण होते. जादूटोणाविरोधी विधेयक वर्षानुवर्षं लोंबकळत होतं. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला. निवडून आलेल्यांना घाई करता येते. किंमत तेवढी दुसऱ्याने मोजायची असते.

दारूबद्दल थोडंच लिहितो, कारण लिहून लिहून बोटं झिजली. यवतमाळ जिल्ह्यात दारूबंदी करा म्हणून बायकांनी किती मोर्चे काढले असतील. आमदारांनी ठरवलं नाही. कोर्टाने ठरवलं, डिसेंबर २०१६ मध्ये, की महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारू नको. राज्याराज्यांत सरकारांनी काय केलं? शहरातल्या महामार्गांचा दर्जाच काढायला घेतला. रस्ता तोच, दुकान तेच, पाटी बदलली. तरी पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालायचा अधिकार १९९६ पासून दिलेला आहे आणि आमच्या तालुक्यातली कितीतरी गावं त्या क्षेत्रात येतात. त्या क्षेत्राबाहेरच्या गावातल्या बायकांना मात्र ‘आडवी बाटली’ करायला, म्हणजे मतदानाने दारूचं दुकान बंद पाडायला, एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं लागतात. जी बाई मजुरीला गेली, मेली, की सासरी गेली पण यादीत राहिली, तिचं मत दुकानदाराच्या खात्यात. निम्म्याहून अधिक मतदारांची मतं मिळवून किती आमदार निवडून आलेत, ते त्यांनी सभागृहात उभं राहून सांगावं.

आता जमिनीचं, कारण शेवटी सगळं तिथे येतं. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क दिला. केंद्राला हे सुचायला २००५ उजाडलं. आपल्या आमदारांचा मला अभिमान वाटावा अशी ही जागा, आणि वाटतोही. पण अनुसूचित जमातींना केंद्राच्या अधिसूचनेशिवाय तो कायदाच लागू होत नाही, म्हणून कोलाम आणि गोंड मुली १९९४ लाही बाहेर राहिल्या आणि २००५ लाही. ९ डिसेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला विनंती केली, की यावर विचार करा. १७ जुलै २०२५ ला छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात न्यायालयाने वाटा देणारा निकाल दिला, कारण मुलींना नाकारणारी रूढी कुणी सिद्ध केली नव्हती. पुढे ऑक्टोबरात हिमाचलच्या खटल्यात तेच न्यायालय म्हणालं, हिंदू वारसा कायदा आदिवासींना परस्पर लावता येणार नाही. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर असतील. पटवाऱ्याने फेरफार कोणत्या निकालाने घ्यायचा? आणि ज्या पोरीला बापाकडून काही नाही, तिला निदान आईच्या बापाकडून काही मिळणार की नाही, हे नागपूर-दिल्लीच्या वकिलांनी तिच्या हयातीत ठरवावं, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

माझे मित्र म्हणतात, कायदा करून तरी काय होतं. मंदिरात सगळ्यांना प्रवेश देणारा कायदा मुंबई राज्याने १९५६ मध्ये केला आणि शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना चढू द्या, हे सांगायला २०१६ मध्ये उच्च न्यायालय लागलंच ना? लागलं. पण त्या दिवशी न्यायालयाने काही नवं ठरवलं नाही. तुमच्याच विधिमंडळाने साठ वर्षांपूर्वी काय ठरवलं होतं ते सरकारला वाचून दाखवलं, आणि काही दिवसांत दार उघडलं. कायदा असला की कोर्टाला वाचून दाखवायला काहीतरी असतं. आमच्या पोरीच्या हातात वाचून दाखवायला एक झेरॉक्स आहे आणि तिच्यावर जीआर नाही.

तेव्हा वणीच्या आमदारसाहेबांना, आणि शेजारच्या आर्णीच्याही, हा उघड अर्ज. कोर्टफी स्टॅम्प लावलेला नाही. येत्या नागपूर अधिवेशनात एक अशासकीय विधेयक आणा. जात पडताळणीच्या कायद्यात एवढंच घाला, की आई अविवाहित असेल आणि लेकरू तिने जमातीत वाढवलं असेल, तर आईच्या बाजूचा पुरावा पुरे, आणि बापाची कागदपत्रं मागणाऱ्या अधिकाऱ्याला दंड. वारसा समवर्ती सूचीत आहे. आदिवासी मुलींच्या वाट्यासाठी ग्रामसभांशी बोलून वेगळा कायदा करता येतो, राष्ट्रपतींची संमती आणायची वाट तुम्हाला माहीत आहे. लेकराच्या पोटगीसाठी डीएनए तपासणीचा खर्च सरकारने करावा. विधेयक पडलं तर पडू द्या. कोण कोण बाजूने बोललं आणि कोण त्या वेळी उपाहारगृहात होतं, ते सभागृहाच्या कार्यवाहीत छापून येईल.

आणि ज्यांना मत आहे त्यांनी, पुढच्या वेळी प्रचाराची गाडी पोडाच्या फाट्यावर थांबली की भाषण सुरू व्हायच्या आधी विचारावं, त्या विधेयकाचं काय झालं?